लाइट कधी येणार? वळवाच्या तडाख्यानंतर एका फीडरवर काय तुटलं आणि काय जोडलं

या प्रकरणात वसाहतीचं, फीडरचं किंवा माणसांचं नाव नाही, कारण ही एका ठिकाणची जशीच्या तशी नोंद नाही. नाशिकच्या पंचवटी विभागाच्या उत्तर कडेला, मखमलाबाद-म्हसरूळच्या बाजूला, अपार्टमेंटच्या रांगा संपून द्राक्षबागा सुरू होतात. तिथे वळवानंतर पुन्हा पुन्हा जे घडतं, ते एका नमुना फीडरवर बसवून मांडलं आहे. घटनाक्रम आणि नुकसानीचे आकडे त्या नमुन्याचे. तांत्रिक मापं आणि नियम खरे.

फीडर असा: 33/11 केव्ही उपकेंद्रातून निघणारी 11 केव्हीची उघडी लाइन, लांबी सात किलोमीटर, वर 34 रोहित्रं, म्हणजे आपल्या बोलीतल्या डीप्या. पहिल्या चार किलोमीटरवर वसाहती, साधारण 3,800 घरगुती ग्राहक. पुढच्या तीन किलोमीटरवर मळे, नऊ डीप्या, बहुतेक शेतीपंप. वसाहत आणि शेती एकाच फीडरवर. मधे दोन एबी स्विच, म्हणजे लाइनचा एखादा भाग वेगळा तोडायचे खांबावरचे स्विच: एक पाण्याच्या टाकीजवळ, दुसरा शाळेपाशी. हे दोन स्विच लक्षात ठेवावेत, सगळा तिढा त्यांच्याभोवतीच आहे.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, मंगळवार. दुपारी 4:40 ला वारं सुटलं, गारा पडल्या आणि पाच वाजून पाच मिनिटांनी सगळं शांत. तेवढ्यात चौदा झाडं लाइनवर आली, त्यातली निम्मी गुलमोहर आणि सुबाभूळ. अकरा खांब पडले किंवा वाकले, पैकी चार उच्चदाब (11 केव्ही) लाइनचे, चारही टाकी आणि शाळेच्या दरम्यान. नऊ ठिकाणी तार तुटली. दोन डीप्यांचे सांगाडे कलले. मळ्यांच्या बाजूला एका बागेचं प्लास्टिकचं आच्छादन उडून तारांमध्ये गुंडाळलं गेलं. उपकेंद्रातला ब्रेकर, म्हणजे दोष आला की आपोआप वीज तोडणारा स्विच, अर्थातच ट्रिप.

टाकीपर्यंतचा भाग रात्री साडेनऊला सुरू झाला. टाकी ते शाळा बुधवारी संध्याकाळी पाचला. वसाहतीतली शेवटची गल्ली गुरुवारी रात्री. मळे शनिवारी.

एवढ्या पडझडीला हा वेळ वाईट नाही. तरी बुधवारी सकाळी शाखा कार्यालयाच्या दारात दीडशे माणसं उभी होती, आणि त्यांचा राग अंधारावर नव्हता.

‘अर्ध्या तासात येईल’

मंगळवारी सहा वाजता ज्यांनी फोन केला त्यांना उत्तर मिळालं, ‘काम चालू आहे, अर्ध्या तासात येईल.’ सात वाजता तेच. साडेआठला तेच. नऊनंतर फोन बंद.

उत्तर देणारा खोटं बोलत नव्हता. त्याला उपकेंद्रातून कळलं होतं की टाकीपर्यंतचा भाग लवकर सुरू होईल, आणि तेवढीच माहिती त्याच्याकडे होती. फोन करणारा टाकीच्या अलीकडचा की पलीकडचा, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तरी ग्राहकाला सांगता आलं नसतं, कारण आपलं घर कोणत्या डीपीवर आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मग साडेनऊला टाकीच्या अलीकडे लाइट आली आणि रस्त्यापलीकडच्या तीन सोसायट्या अंधारातच राहिल्या. ‘समोरच्यांकडे आली, आमच्याकडे का नाही?’ या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही, तेव्हा लोकांनी आपापलं उत्तर तयार केलं: तिकडे नगरसेवक राहतो. तिकडून पैसे गेले.

खरं कारण साधं होतं. रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या डीप्या, आणि मधे एबी स्विच. अशी चार-पाच कारणं नेहमीची आहेत: डीपी वेगळी असते, कधी डीपी एकच पण फेज वेगळा असतो, कधी खांबापासून घरापर्यंतची सर्व्हिस वायर तुटलेली असते, आणि कधी समोर फक्त इन्व्हर्टर चालू असतो. यातलं एकही कारण ज्याला माहीत नाही त्याने वशिल्याचा संशय घेतला तर त्याला नावं ठेवता येणार नाहीत.

फोन बंद झाला त्याचंही असंच. कनिष्ठ अभियंत्याचा मोबाइल नंबर संध्याकाळीच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरला. दहा घरांमागे एकाने फोन केला असं धरलं तरी 380 फोन होतात. प्रत्येकाला दीड मिनिट, म्हणजे 570 मिनिटं, साडेनऊ तास. ज्या माणसाने लाइनवर परमिट (बंद लाइनवर कामाची लेखी परवानगी) द्यायचं-घ्यायचं, क्रेन मागवायची, तोडणीला माणसं लावायची, त्याने साडेनऊ तास फोनवर बोलायचं. त्याने फोन खिशात टाकला हे बरंच केलं; चूक एवढीच की त्या जागी दुसरं काही ठेवलं नाही. 1912 या वीज कंपनीच्या तक्रारीच्या नंबरवर तक्रार नोंदली जाते, क्रमांक मिळतो आणि पुढे तो क्रमांक कामाला येतो. पण त्या रात्री कोणत्या गल्लीत कोणता खांब उभा राहतोय हे तिथे बसलेल्याला कळायला वाट नसते.

लाइन सुरू होते कशी

हे ग्राहकांना एकदा नीट सांगितलं की निम्मे आरोप गळून पडतात. वादळाच्या रात्री सांगून उपयोग नाही, आधी सांगावं लागतं.

ब्रेकर ट्रिप झाल्यावर तो पुन्हा पुन्हा मारून बघायचा नसतो. तार रस्त्यावर पडल्याची एक जरी खबर असेल तरी अजिबात नाही. आधी पेट्रोलिंग: वायरमन लाइनखालून चालत जातो, बॅटरी घेऊन, चिखलातून. सात किलोमीटरला दोन जोड्या लावल्या तरी अडीच-तीन तास जातात. मग एबी स्विच उघडून खराब भाग वेगळा करायचा आणि चांगला भाग चार्ज करायचा, म्हणजे त्यात वीज सोडायची. टाकीच्या अलीकडे लाइट लवकर आली ती यामुळे. तो भाग धड होता, कुणाची मेहेरबानी नव्हती.

पुढे तोडणी, मग खांब. 9 मीटरचा सिमेंटचा खांब 1.5 मीटर जमिनीत जातो, लांबीच्या सहाव्या भागाइतका. नाशिकच्या या बाजूला वरची फूट-दोन फूट काळी माती गेली की मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण. पहारीने खड्डा होत नाही, दगड फोडायचा ब्रेकर लागतो. मळ्याच्या बाजूला उलटी अडचण: ओल्या काळ्या मातीत खड्डा पटकन होतो, पण हायड्रा क्रेन रुतते आणि खांब धरत नाही. अशा वेळी काँक्रीट वाळायची वाट बघता येत नाही, म्हणून दगड आणि मुरूम ठोकून खांब आवळतात आणि ताण देतात. वसाहतीच्या आतल्या गल्ल्यांत तर दोन्ही बाजूंना लावलेल्या चारचाकींमुळे क्रेनच शिरत नाही. बुधवारी सकाळी एका खांबाचा दीड तास फक्त एका गाडीचा मालक शोधण्यात गेला.

मग तार ओढणं, जंपर (दोन तारा सांधणारे तुकडे) जोडणं, फुटलेले पिन इन्सुलेटर (तार खांबापासून वेगळी धरणारे) बदलणं. रोहित्राला मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावून बघणं. चार्ज करण्याआधी, बंद तार जमिनीला जोडून ठेवणारे सगळे अर्थिंग रॉड काढलेत ना, सगळी माणसं खाली आलीत ना, याची नावानिशी खात्री. परमिट ज्याने घेतलं त्यानेच परत द्यायचं. हा भाग कितीही घाई असली तरी आखूड करता येत नाही.

उच्चदाब लाइन सुरू झाली म्हणजे घराघरात लाइट आली असं नाही. त्यानंतर एकेक डीपी, तिचे डीओ (उच्चदाब बाजूचे फ्यूज), तिच्यापुढची 440 व्होल्टची लघुदाब लाइन, शेवटी सर्व्हिस वायरी. शेवटची गल्ली गुरुवारी रात्री आली ती याच ओळीतली शेवटची असल्यामुळे. तिथे तीन लघुदाब खांब पडले होते आणि त्यावर अवघी बावीस घरं होती. त्याच वेळात दुसरीकडे एक खांब उभा केला की चारशे घरं सुरू होत होती. हा क्रम बरोबर आहे. पण बावीस घरांना तो मंगळवारी रात्री सांगितला असता तर त्यांनी फ्रीज रिकामा केला असता, म्हाताऱ्या माणसांना नातेवाइकांकडे सोडलं असतं. त्यांना त्या रात्री ‘अर्ध्या तासात’ ऐकवलं गेलं.

झाड कुणाचं, तार कुणाची

दोन खात्यांत अडकलेला वेळ हा या प्रकरणातला सर्वांत खर्चिक वेळ. मंगळवारी रात्री शाळेजवळ एक मोठा गुलमोहर तारांसकट आडवा. महापालिकेच्या उद्यान विभागाची आणि अग्निशमन दलाची माणसं करवती घेऊन आली आणि म्हणाली, आधी लाइन बंद असल्याचं सांगा, मग हात लावतो. बरोबर म्हणाली. वायरमन म्हणाला, झाड निघाल्याशिवाय मी तारेपर्यंत पोहोचत नाही. तोही बरोबर. लाइन तर बंदच होती, पण तसं अधिकाराने सांगणारा माणूस तिथे नव्हता. दोन तास दोन्ही पथकं एकमेकांकडे बघत उभी, आणि सोसायटीच्या गच्चीवरून लोक बघत होते की कुणीच काम करत नाही. तिथे काढलेला एक फोटो दुसऱ्या दिवशी दिवसभर फिरला.

उपाय बैठकीचा नाही, माणसाचा आहे. वादळाच्या काळात प्रत्येक तोडणी पथकाबरोबर लाइन स्टाफमधला एक माणूस, हातात डिस्चार्ज रॉड आणि परमिटचा क्रमांक. त्याने दोन्ही बाजूंना अर्थिंग लावून दाखवायचं आणि मग करवत चालू. बुधवारपासून असं केलं तेव्हा उरलेली झाडं अर्ध्या वेळात निघाली. महापालिकेच्या सहा विभागांपैकी ज्या विभागात फीडर येतो तिथल्या उद्यान निरीक्षकाचा आणि शाखा अभियंत्याचा एकमेकांकडे थेट नंबर असणं, ही तयारी मे उजाडण्याआधीची.

वेळ नाही, टप्पा

बुधवारी सकाळी दीडशे माणसं दारात आल्यावर उपकार्यकारी अभियंत्यांनी जे केलं ते सोपं होतं. दारातल्याच एका निवृत्त शिक्षकांना आणि दोन सोसायट्यांच्या सचिवांना आत बोलावून भिंतीवरचा फीडरचा एकरेषी नकाशा दाखवला, कुठे काय पडलंय ते पेन्सिलीने खुणावलं आणि विचारलं, हे लोकांना कसं सांगू? शिक्षक म्हणाले, ‘साहेब, किती वाजता येईल ते सांगूच नका. कुठवर आलंय ते सांगा.’

तिथून पद्धत बदलली. काम सहा टप्प्यांत बांधलं: पाहणी, तोडणी, खांब, तार, चार्जिंग, डीपी आणि सर्व्हिस. कार्यालयातल्या एका लिपिकाला लाइनच्या कामातून आणि फोनवरूनही सोडवलं. त्याचं काम एकच, दर तीन तासांनी निरोप पाठवायचा. सकाळी 6 ते रात्री 12, ठरलेल्या वेळी, काही बदललं नसेल तरी. पहिला निरोप असा गेला:

‘बुधवार, सकाळी 9. टप्पा 3, खांब. उपकेंद्र ते टाकी: चालू. टाकी ते शाळा: मोठ्या लाइनचे 4 खांब पडले, 1 उभा, 3 बाकी. पाषाण लागल्याने ब्रेकर मागवला. शाळेच्या पुढे: आज संध्याकाळपर्यंत काम सुरू होणार नाही. पडलेल्या तारेजवळ जाऊ नका. पुढचा निरोप 12 वाजता.’

यात दोन गोष्टी नेहमीच्या सरकारी निरोपाहून वेगळ्या आहेत. एक, वाईट बातमी स्पष्ट आहे: शाळेच्या पुढे संध्याकाळपर्यंत काहीच नाही. दुसरी, पुढचा निरोप कधी, ते लिहिलंय. बारा वाजता प्रगती काहीच नव्हती, ब्रेकर पोहोचायचा होता. तेव्हाचा निरोप: ‘12 वाजता. बदल नाही. ब्रेकर वाटेत. पुढचा निरोप 3 वाजता.’ आमच्या मते साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निरोप हाच. लिपिकाची पहिली इच्छा तो न पाठवण्याची होती, कारण सांगण्यासारखं काही नाही. पण ठरलेल्या वेळी ‘बदल नाही’ आलं, तेव्हा लोकांना कळलं की ही माणसं ठरल्याप्रमाणे बोलतात. तिथून कार्यालयातले फोन कमी झाले.

‘काम युद्धपातळीवर सुरू आहे’ हे वाक्य मात्र बाद करावं. त्यातून वाचणाऱ्याला एकही गोष्ट कळत नाही, आणि ते त्याच्याही लक्षात येतं.

फोटोंबद्दल थोडं. मोडलेल्या खांबाचा, वेळ घातलेला एक फोटो दहा आश्वासनांना भारी पडतो. पण खांबावर चढलेल्या माणसाचा फोटो टाकण्याआधी बघावं: हातमोजे आहेत का, हेल्मेट आहे का, कमरेला पट्टा आहे का. नसेल तर फोटो न टाकणं हा उपाय नाही, पट्टा देणं हा आहे.

निरोप कुणाला जातो हेही ठरवावं लागतं. शंभर ग्रुपांवर कंपनीच्या माणसाने बसायचं नाही. दर डीपीमागे वसाहतीतला एक माणूस, ‘डीपी प्रतिनिधी’ म्हणा. त्याला निरोप जातो, तो आपल्या घरांना पाठवतो, आणि उलट दिशेने फक्त तोच फोन करतो. वसाहतीच्या 25 डीप्या म्हणजे 25 फोन, 380 नव्हेत. प्रतिनिधी निवडताना राजकीय कार्यकर्ता टाळलेला बरा. किराणा दुकानदार, निवृत्त माणूस, सोसायटीचा वॉचमन चालतो. ज्येष्ठांकडे स्मार्टफोन नसतो म्हणून तोच निरोप दुकानाच्या फळ्यावर खडूनेही.

यासाठी आधी प्रत्येक घराला आपली डीपी माहीत हवी. डीपीच्या सांगाड्यावर क्रमांक रंगवलेला असतोच, फक्त कुणी बघत नाही. बिलावरचा 12 अंकी ग्राहक क्रमांक आणि डीपीचा क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून मीटरच्या पेटीत आतून चिकटवला की काम झालं.

आली आणि गेली

बुधवारी पाच वाजता टाकी ते शाळा सुरू झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रात्री दोन वाजता पुन्हा अंधार. तीनला आली, पावणेपाचला गेली. मिळवलेला निम्मा विश्वास तिथे गेला.

वादळानंतरचा हा हमखास प्रकार आहे. गारांनी किंवा विजेने पोर्सेलीनच्या इन्सुलेटरला बारीक चीर जाते, ती खालून दिसत नाही. दिवसा कोरडं असताना तो टिकतो, पहाटेच्या दमटपणात चिरेतून वीज उतरते आणि ब्रेकर ट्रिप होतो. उन्हाळाभर साचलेली धूळ पहिल्या पावसात ओली होते तेव्हाही हेच. शिवाय कललेली पण न तुटलेली फांदी रात्रीच्या वाऱ्याने तारेला टेकते. आणि संक्रांतीपासून तारांवर लोंबणारा मांजा! पतंगाच्या हौसेत नाशिक कुणाला हार जात नाही. त्याची किंमत मे महिन्यात ओल्या मांज्यातून वसूल होते.

उपाय सांगण्याचाच आहे: लाइट आल्याच्या निरोपातच लिहायचं की पुढचे 24 तास दोन-तीनदा जाऊ शकते, कारण लपलेले दोष लोड आल्यावरच सापडतात. तोपर्यंत लिफ्ट जपून वापरा, टाकीत पाणी आधी चढवून घ्या.

पाण्याचं हे सुटतंच नेहमी. लाइट गेली की चार तासांनी माणूस लाइट विसरतो आणि पाण्याचं बोलू लागतो. सोसायटीचा पंप बंद, बोअर बंद, तिसऱ्या मजल्यावर बादल्या. बुधवारच्या दारातल्या गर्दीत निम्मी तक्रार पाण्याची होती आणि ती वीज कार्यालयात ऐकणारा कुणी नव्हता. दुसऱ्या दिवशीपासून सकाळच्या निरोपात टँकर कुठे, किती वाजता, ही एक ओळ महापालिकेकडून घेऊन जोडली.

ज्यांना थांबता येत नाही

घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेल्या रुग्णांची यादी वादळाच्या रात्री करता येत नाही. 5 लिटरचं यंत्र साधारण 350 वॅट घेतं. घरगुती इन्व्हर्टरची 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर 1,800 वॅट-अवर देते. हाती लागतात 1,200 च्या आसपास. म्हणजे साडेतीन तास, तेही बॅटरी नवी असेल तर. तेव्हा अशा घरी भरलेला सिलिंडर हवा, आणि डीपी प्रतिनिधीच्या वहीत ते घर पहिल्या पानावर. अभियंत्याने या घरांना लाइट आधी देण्याचं वचन देऊ नये, ते पाळता येत नाही. दोन तासांच्या आत ‘आज रात्री येणार नाही, सिलिंडरची किंवा दवाखान्याची व्यवस्था करा’ हे सांगण्याचं वचन द्यावं. ते पाळता येतं.

आणखी एक गोष्ट, ज्यात ग्राहकाची बाजू लंगडी आहे. बुधवारी दुपारी एका डीपीवर काम थांबवावं लागलं, कारण बंद लाइनवर टेस्टर पेटला. पुढच्या सोसायटीने जनरेटर लावला होता आणि मेन लाइन तोडून मगच जनरेटर जोडणारा चेंजओव्हर स्विच नव्हता. मेन बंद करायला वॉचमन विसरला. जनरेटरची वीज उलट लाइनवर येते, आणि रोहित्र ती उलट दिशेने चढवून 11,000 व्होल्ट करू शकतं. वर चढलेल्या माणसासाठी ही थेट मृत्यूची सोय. जनरेटरला चार पोलचा चेंजओव्हर लागतो, न्यूट्रलसकट तोडणारा. ही तपासणी सोसायटीने मान्यताप्राप्त विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यायची आणि अहवाल शाखा कार्यालयात द्यायचा. विश्वास दोन्हीकडून लागतो, त्यातला ग्राहकाच्या वाट्याचा हा तुकडा.

उपकरणं जळाल्याच्या तक्रारी मुख्यतः न्यूट्रल तुटल्याच्या असतात. तीन फेजच्या लाइनचा न्यूट्रल सुटला की एखाद्या घरात 230 ऐवजी 350-400 व्होल्टपर्यंत चढतं आणि शेजारी दिवा मिणमिणतो. पंखा एकदम जोरात, दिवा एकदम प्रखर दिसला तर मेन बंद करणं एवढंच करायचं. लघुदाब लाइन चालू करण्याआधी डीपीवर तिन्ही फेजचा न्यूट्रलशी व्होल्टेज मोजून वहीत लिहिलं, तर पुढचा वाद मिटतो. या प्रकरणात दोन डीप्यांवर लिहिलं नव्हतं, आणि वाद त्याच दोन डीप्यांचे उरले.

लाइनफेरी

आठवड्याने सभा घ्यायचं ठरलं. मंगल कार्यालय, व्यासपीठ, सत्कार असा बेत होता. तो सुदैवाने बारगळला. त्याऐवजी रविवारी सकाळी सात वाजता कनिष्ठ अभियंता, दोन वायरमन, उद्यान विभागाचा एक कर्मचारी आणि अकरा डीपी प्रतिनिधी टाकीपासून शाळेपर्यंत लाइनखालून चालले. 1.8 किलोमीटरला अडीच तास लागले आणि वहीत 23 नोंदी झाल्या. प्रत्येक नोंदीपुढे चारपैकी एक मालक: कंपनी, महापालिका, सोसायटी, खासगी घर.

चालताना बोलणं वेगळं होतं. एका बंगल्याची वाढीव गॅलरी 11 केव्ही तारेपासून हातभर अंतरावर होती; नियमाने आडवं अंतर 1.2 मीटर आणि इमारतीच्या वर उभं 3.7 मीटर हवं. मालक त्या बुधवारी दारात सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्यांत होता. कुणी टोमणा मारला नाही, नोंद झाली. पुढे कंपनीच्या खात्यात: ताण सैल झालेले सहा खांब, एका एबी स्विचची एक पात बसत नाही, डीपीची पेटी उघडी आणि आत किटकॅट फ्यूजच्या जागी नुसती तार गुंडाळलेली. वायरमन ओशाळला. अभियंत्याने तीही सगळ्यांसमोर लिहून घेतली, आणि तिथे त्याने जे कमावलं ते भाषणाने कमावता आलं नसतं.

सर्वांत जास्त नोंदी, सात, इंटरनेट आणि केबलवाल्यांच्या वायरींच्या. एकेका विजेच्या खांबावर पंधरा-वीस वायरींचे भारे आणि वेटोळी. वाऱ्यात हे भारे शिडासारखे काम करतात, आणि त्यावर फांदी पडली की खांबच ओढून घेतात. पडलेल्या लघुदाब खांबांपैकी तीन असेच ओढले गेले होते. या वायरी काढायला कुणी तयार नसतं, कारण काढली की सोसायटीचंच नेट बंद होतं.

फांद्यांच्या छाटणीचा तंटा तिथेच मिटवला. झाडं तोडायला महाराष्ट्रातल्या 1975 च्या नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली परवानगी लागते, आणि वसाहतीतल्या वृक्षप्रेमींचा राग असा की छाटणीच्या नावाखाली शेंडाच उडवतात. ठरलं ते असं: छाटायच्या फांदीवर दोन दिवस आधी चुन्याची खूण, हरकत असेल तर त्या दोन दिवसांत, आणि कापलेल्या फांद्या 24 तासांत उचलायच्या. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. लोकांच्या मनात छाटणीची आठवण राहते ती आठवडाभर रस्त्यात पडलेल्या वाळक्या ढिगाची.

पैशाचाही विषय निघाला. बुधवारी एका गल्लीने वर्गणी काढून पथकाला ‘चहापाण्याला’ द्यायचा प्रयत्न केला होता. पथकाने घेतले नाहीत असं अभियंता म्हणाला, घेतले असं शेजारची गल्ली म्हणाली. खरं काय ते कळणार नाही. नियम केला: जेवण, चहा, पाणी एकाच ठिकाणी, शाळेच्या ओट्यावर, सगळ्या वसाहतीतर्फे. रोख रक्कम कुणी देऊ नये आणि कुणी घेऊ नये.

नियम काय देतो

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या 2021 च्या विनियमांत वीजपुरवठा पूर्ववत करण्याच्या मुदती आणि त्या न पाळल्यास भरपाई, दोन्ही आहेत. पण वादळ-पुरासारख्या परवानाधारकाच्या आवाक्याबाहेरच्या कारणांना सूटही असते. काही प्रतिनिधींना हे पटलं नाही, आणि त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता: वारं मंगळवारी होतं, सैल ताण मार्चपासून होता. अशी तक्रार करायची तर 1912 चा तक्रार क्रमांक, डीपीचा क्रमांक, लाइट गेल्याची आणि आल्याची वेळ लिहून ठेवलेली हवी. आधी कंपनीकडे लेखी, तिथे समाधान नाही झालं तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यापुढे विद्युत लोकपाल. मंचाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. अभियंत्याने ही वाट स्वतःहून सांगितली, हे नोंदवण्यासारखं.

मळ्यांचं काय

23 पैकी पंधरा नोंदी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात निकाली निघाल्या. त्यांची यादी, तारखेसकट, दुकानाच्या फळ्यावर. गॅलरीचं प्रकरण लांबलं. नेटच्या वायरी दोन गल्ल्यांत वर उचलून बांधल्या, बाकी तशाच.

पण फेरी शाळेपाशी थांबली होती. त्यापुढच्या तीन किलोमीटरमधला एकही माणूस तिथे नव्हता, कारण कुणी बोलावलंच नव्हतं. मळ्यांना लाइट शनिवारी आली, चार दिवसांनी. एप्रिलची खरड छाटणी झालेल्या बागेला मे महिन्यात पाणी वेळच्या वेळी लागतं. त्याच काळात पुढच्या हंगामाची घडनिर्मिती ठरत असते. चार दिवस पंप बंद म्हणजे शहरातल्या बंद फ्रीजशी तुलना होणारं नुकसान नव्हे. पहिल्या निरोपानंतर मळ्यांच्या वाट्याला रोज एकच ओळ आली: ‘शाळेच्या पुढे: नंतर.’ वसाहतीला जो टप्पा कळत होता तो त्यांना कळला नाही, आणि त्यांनी शुक्रवारी जे केलं ते ओळखीचं आहे: दोघांनी खांबावर चढून जंपर स्वतःच जोडायचा प्रयत्न केला. लाइन मृत होती म्हणून वाचले.

दुसरी लाइनफेरी शाळा ते शेवटची डीपी अशी ठरली आहे, प्लास्टिक आच्छादनाच्या दोऱ्या वाऱ्याआधी कशा आवळायच्या हेही त्यात बघायचं आहे. सकाळी सात ही वेळ शेतकऱ्यांनी बदलून मागितली. त्या वेळी पंपाशी थांबावं लागतं.